परसातलं अंकोरवाट

तक्रार एका ओळीची होती. शेजारच्या परसात एक परदेशी इमारत उभी राहिली आहे आणि तिच्या खिडक्यांतून आमच्या घरामागच्या डेकवरचं सगळं दिसतं. सोबत फोटो जोडला होता. फोटोत राखाडी लाकडी कुंपण, कुंपणापलीकडे कपडे वाळत घालायची फिरती दांडी, आणि दांडीवरच्या टॉवेलांच्या वर अंकोरवाटचे पाच मनोरे.

मी मेलबर्नच्या आग्नेयेला एका काउन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, बिल्डिंग इन्स्पेक्टर आहे. कुठल्या ते सांगत नाही, कारण नोकरी अजून चालू आहे. परवानगी न घेता लोकांनी काय काय बांधलंय ते जाऊन मोजायचं, फोटो काढायचे आणि पत्र पाठवायचं, एवढंच माझं काम. बारा वर्षांत मी शेड पाहिल्या, वेलींच्या मांडवांसारखे पर्गोला पाहिले, गॅरेजमध्ये लपवलेलं एक अख्खं भाड्याचं घर पाहिलं. जगातलं सगळ्यात मोठं देऊळ मात्र विनापरवाना या सदराखाली पहिल्यांदाच आलं होतं.

दार उघडलं ते मुलीने. मुलगी म्हणजे माझ्याच वयाची, चाळिशी ओलांडलेली बाई. जवळच्या शॉपिंग सेंटरमध्ये तिची बेकरी होती आणि पहाटेपासूनचं काम उरकून ती नुकतीच घरी आली होती. मी ओळखपत्र दाखवलं. तिने आत हाक मारली, आतून उत्तर आलं, आणि ती मला म्हणाली, "बाबा म्हणतायत, बरं झालं आलात. अकरा वर्षं वाट बघतायत ते."

"माझी?"

"काउन्सिलची. पहिला दगड ठेवला तेव्हापासून म्हणतायत, एक दिवस कुणीतरी टेप घेऊन येणार."

आजोबा सत्तरीच्या पुढचे, बारीक, ताठ. कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेले. डँडेनॉन्गला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची पंचवीस-तीस वर्षं गेली होती. तेवढ्या काळात त्यांनी इंग्रजीतून 'नो वरीज' आणि 'केअरफुल' हे दोनच शब्द उचलले होते, आणि खरं सांगायचं तर कारखान्यात तेवढे पुरतात. बाकी ते ख्मेरमध्ये बोलायचे, मी इंग्रजीत, आणि मुलगी मध्ये उभी राहून इकडचं तिकडे करायची. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणत असे. तोंडाने म्हणायला भाषा नव्हती.

देऊळ त्यांनी एकट्याने बांधलं होतं. दगड सगळे रस्त्यावरचे. आमच्याकडे वर्षातून एकदा लोक नको असलेलं सामान घराबाहेर मांडून ठेवतात आणि काउन्सिलची गाडी येऊन ते उचलते. गाडीच्या आधी आजोबा पोचायचे. जुन्या बागांमधल्या वालुकाश्माच्या फरश्या, पायऱ्या, मोडक्या कारंज्यांचे कठडे असं सगळं ते ट्रॉलीतून घरी आणायचे आणि छिन्नीने घडवून एकावर एक रचायचे. सिमेंट नाही, चुना नाही. दगडावर दगड घासून असा बसवलेला, की मी माझं व्हिजिटिंग कार्ड सांध्यात सरकवून पाहिलं तर शिरेना.

मधोमध सगळ्यात उंच मनोरा, चार कोपऱ्यांना चार, म्हणजे मेरू पर्वताची शिखरं. त्यांच्याभोवती एकाबाहेर एक असे ओवऱ्यांचे तीन चौक, आतला चौक बाहेरच्यापेक्षा उंच. सगळ्याच्या बाहेर खंदक, म्हणजे समुद्र. समुद्र वीतभर खोल होता. जास्त खोल केला तर काउन्सिल त्याला स्विमिंग पूल म्हणेल आणि कुंपण घालायला लावेल, अशी आजोबांना धास्ती होती. ओवऱ्यांच्या छपरांना खरी कमान नव्हती. दोन्ही बाजूंचे दगड थराथराने थोडे थोडे पुढे काढत नेऊन वर एकमेकांना टेकवले होते. ख्मेर गवंडी कमान बांधत नसत, म्हणून त्यांच्या ओवऱ्या लांबच लांब असतात, पण रुंदी बेताची. इथल्या ओवरीत माझा हात कोपरापर्यंत गेला.

तक्रारीतल्या खिडक्या मी सगळ्यात आधी तपासल्या. त्या खोट्या निघाल्या. मूळ देवळातही कितीतरी खिडक्या अशाच आहेत. चौकट असते, कातून काढलेले गोल दगडी गज असतात, आणि गजांच्या मागे सरळ भिंत. मी अहवालात लिहिलं, "खिडक्यांतून बाहेर दिसत नाही. आतही दिसत नाही." नोकरीत लिहिलेलं माझं सगळ्यात सुंदर वाक्य ते हेच, पण सरकारी अहवाल कोण वाचतं.

ईशान्येचा कोपरा अजून पुरा व्हायचा होता. तिथे वालुकाश्माच्या आतली लाल वीट दिसत होती. मुलगी म्हणाली, खऱ्या देवळात आत वीट नाही, लाल दगड आहे. जमिनीतून काढताना तो मऊ असतो, सहज कापता येतो, आणि मग वारा लागून कडक होतो.

"जांभा!" मी मराठीतच ओरडले.

माझे बाबा लांज्याला गवंडी होते. जांभ्याच्या चिऱ्यांवर बसून मी पाढे पाठ केले. इथे आल्यावर मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत दोन वर्षं बांधकाम शिकले, भरमसाट फी भरून, पण त्यात जांभ्याचं नाव कुणी काढलं नाही. आणि इथे एका बेकरीवालीच्या परसात जांभ्याचं नाव निघालं. आजोबांनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला. त्यांना तो आवडलेला दिसला.

मग मात्र बाबांचेच डोळे लावून मी भिंत पाहिली आणि मला गप्प बसवेना. भिंतीला सांधमोड नव्हती. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरच्या दगडाचा मध्य यायला हवा, हे आमच्याकडे पाटी उचलणाऱ्या बाईलाही कळतं. इथे सांध्यावर सांधा, खालून वरपर्यंत उभी रेघ.

"हे पडेल," मी म्हणाले.

आजोबांचं उत्तर मुलीने हसत हसत सांगितलं. "ते म्हणतायत, खऱ्या देवळातही असंच आहे. आठ-नऊशे वर्षं पडतंय ते."

खरी अडचण सांध्यांची नव्हतीच, पश्चिमेच्या गोपुराची होती. देवळाचं तोंड पश्चिमेला होतं, पुढची फरसबंद वाट पश्चिमेला जात होती आणि वाटेच्या टोकाचं गोपूर तक्रारदाराच्या कुंपणाला जवळजवळ टेकलं होतं. हद्दीपासून एक मीटर जागा मोकळी हवी. मी हिशेब केला. देवळाचं तोंड फिरवून पूर्वेला केलं, वाट आणि गोपूर स्वयंपाकघराच्या बाजूला घेतलं, तर सगळं नियमात बसत होतं. शिवाय धर्मातही. मी आजोबांना समजावून सांगितलं की नाहीतरी देवळाचं तोंड पूर्वेलाच असतं, उगवत्या सूर्याचे किरण देवावर पडायला हवेत, हे आमच्या शास्त्रात आहे, आणि तुमच्याकडची देवळं शेवटी आमच्या शास्त्रावरूनच बांधलेली आहेत. तुमची बहुधा बांधताना चूक झाली असावी.

मुलीने हे सगळं भाषांतरित केलं की नाही, कोण जाणे. आजोबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "नो वरीज."

रात्रीच्या जेवणाच्या वेळी मी नवऱ्याला सांगितलं. नवरा डँडेनॉन्गला एका गोदामात शिफ्टचं प्लॅनिंग करतो आणि उरलेल्या वेळात आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी असतो. खरं म्हणजे उलट आहे. "पूर्वच," तो ठामपणे म्हणाला. "बेसिक आहे ते. या लोकांना आपणच शिकवलं ना सगळं, आता विसरले." मला बरं वाटलं. मग भांडी लावून झाल्यावर, केवळ अहवालाला जोडायला म्हणून, मी मूळ देवळाचा नकाशा शोधला.

अंकोरवाटचं तोंड पश्चिमेला आहे. बाराव्या शतकात एका राजाने ते विष्णूसाठी बांधलं आणि मुद्दाम पश्चिमेकडे ठेवलं. विष्णूची दिशा म्हणून, की राजाच्या मरणानंतरचं स्थान म्हणून, यावर विद्वानांचे वाद आहेत. चूक म्हणून असं मात्र कुणीच म्हणत नाही. ओवऱ्यांच्या भिंतींवर कुरुक्षेत्र आहे, लंकेची लढाई आहे, समुद्रमंथन आहे, आणि ती शिल्पं क्रमाने पाहायची तर उलटं फिरावं लागतं, देवळाला डावीकडे ठेवून. आपण अंत्यविधीत फिरतो तसं. मी नवऱ्याला फोन दाखवला. "असेल," तो म्हणाला, "पण आपलं शास्त्र जुनं आहे."

मला लाज वाटली. ज्याने अकरा वर्षं एकेक दगड घासला त्याला मी टेप हातात धरून दिशा शिकवली होती. दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळेतच जाऊन मी माफी मागितली. आजोबांनी मान हलवली आणि मला देवळाभोवती उलट्या बाजूने एक फेरी मारून आणली, बोटाएवढे देव आणि राक्षस दाखवत. मंथनातला वासुकी म्हणजे कुठल्याशा जुन्या घराच्या जिन्याचा कठडा होता.

त्या फेरीतच मी ठरवलं की हे देऊळ पाडू द्यायचं नाही. बारा वर्षांत असं मी कुठल्याच शेडबद्दल ठरवलं नव्हतं.

नियमात वाट होती. बागेतली शोभेची वस्तू या सदराला हद्दीपासूनच्या अंतराची अट नाही. पुतळे, कारंजी, टोपीवाले दगडी बुटके बाहुले, सगळं त्यात येतं. उंचीची मर्यादा तेवढी आहे आणि मधला मनोरा तिच्यापेक्षा हातभर उंच होता. मी आजोबांना विचारलं, कळस काढाल का. त्यांनी दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी गेले तर मनोऱ्याच्या टोकावरची दगडी कमळाची कळी आणि खालचे दोन थर उतरवलेले होते. कळी स्वयंपाकघरात भाताच्या कुकरशेजारी ठेवलेली. "बाबा रोज तिच्याशी बोलतात," मुलगी म्हणाली, "पण ठीक आहे. कोपरा पुरा करायला मिळाला की बास." एवढंच त्यांचं मागणं होतं. ईशान्येचा तो एक कोपरा, हिवाळा संपायच्या आत.

मी अहवाल लिहायला घेतला. वस्तू शोभेची, दगडी, आत माणूस मावत नाही, वापर काहीही नाही. वापर काहीही नाही, हे लिहिताना मी देवाची मनात क्षमा मागितली. मॅनेजरने मसुदा पाहिला आणि म्हणाला, "छान. एका आठवड्यात बंद करू फाइल." आणि त्या आनंदात मी नवऱ्याला घराचा पत्ता सांगून बसले.

"अगं, इतक्या जवळ आहे हे तू आधी का नाही बोललीस? जगातलं बिगेस्ट हिंदू टेम्पल! आपल्या सबर्बमध्ये!"

"हिंदू नाही राहिलं रे आता. बौद्ध आहेत ते लोक. मधल्या गाभाऱ्यात बुद्ध आहे."

"विष्णूचा नववा अवतार!" तो म्हणाला. महाराष्ट्रात हे वाक्य तोंडातून काढण्याआधी माणूस आजूबाजूला कोण बसलंय ते बघतो. इथे बघायची गरज नव्हती, इथे आम्ही दोघंच होतो.

"पुढच्या संडेला आम्ही नुसतं जाऊन दर्शन घेतो. पंधरा मिनिटं. प्रॉमिस."

मी विचारल्यावर आजोबांच्या मुलीने हो म्हटलं, कारण ते लोक सभ्य होते. रविवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, मंडळ आलं. मी पंधरा मिनिटांसाठी पंधरा माणसं धरली होती. साइड गेटपाशी चपलांचा ढीग वाढत वाढत रिसायकलिंगच्या डब्यांपर्यंत गेला. बायका काठपदरी साड्यांत, पुरुष झब्ब्यांत, मुलं फोनवर. आजोबांनी सगळ्यांसाठी केळीच्या पानातला भात करून ठेवला होता. आमच्या लोकांनी आधी त्यात अंडं नाही ना, विचारलं.

मग प्रदक्षिणा सुरू झाली. मंडळ देवळाला उजवीकडे ठेवून निघालं, जसं जातात. आजोबा त्यांना शिल्पं दाखवायला पुढे झाले आणि आपल्या सवयीने दुसऱ्या बाजूने निघाले. समुद्रमंथनापाशी दोन्ही मिरवणुका समोरासमोर आल्या. आमच्यातल्या एका काकांनी आजोबांना खांद्याला धरून प्रेमाने वळवलं. "धिस साइड, अंकल," ते म्हणाले, "क्लॉकवाइज." आजोबा त्यांच्याबरोबर चालायला लागले. शिल्पांचा क्रम उलटा झाला. लंका आधी जळली आणि मग लढाई झाली, पण कुणाची काही तक्रार नव्हती.

फोनवर आरती लागली. कुणीतरी हळदीकुंकू आणलं होतं, ते पश्चिमेच्या गोपुराला लागलं. आणि मग माझ्या नवऱ्याने पिशवीतून नारळ काढला. मी "अरे, थांब" म्हणेपर्यंत त्याने तो गोपुराच्या पायरीवर हाणला. सिमेंट नसलेल्या भिंतीला असा धक्का बसला की काय होतं ते मला ऐकू आलं. वरून खालपर्यंत एक बारीक किरर्र, आणि सांध्यावरचा सांधा केसभर सरकला. बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा म्हणाले, "केअरफुल." मंडळी गेल्यावर ते रबरी हातोडा घेऊन संध्याकाळ होईपर्यंत दगड परत ठोकून बसवत होते. मी शेजारी बसून खोबरं गोळा केलं.

तरी तिथे थांबलं असतं तर देऊळ वाचलं असतं.

बुधवारी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक पत्र होतं, मंडळाच्या लेटरहेडवर, चार पानं सह्या. "तुमची कम्युनिटी फारच सपोर्टिव्ह आहे," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. पत्रात लिहिलं होतं की हे प्राचीन हिंदू मंदिर आमच्या समाजाचं श्रद्धास्थान आहे, काउन्सिलने त्याला धक्का लावू नये; आम्ही तिथे दर आठवड्याला आरती आणि वर्षातून चार मोठे उत्सव करण्याचा मानस ठेवतो, आणि प्रत्येक उत्सवाला किमान दोनशे भाविक येतील. खाली माझ्या नवऱ्याची सही.

शोभेच्या वस्तूला काही लागत नाही. श्रद्धास्थानाला सगळं लागतं. पार्किंग लागतं, संडास लागतात, आग लागली तर बाहेर पडायला दुसरा दरवाजा लागतो, आणि व्हीलचेअरसाठी रॅम्प लागतो. मेरू पर्वताच्या पायऱ्या मुळातच अशा उभ्या की माणसाने त्या हातापायांवर चढाव्यात. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, कागदावर आलंय ते माझ्याने विसरता येणार नाही. पत्रावर माझ्या नवऱ्याची सही असल्यामुळे फाइल त्याने स्वतःकडे घेतली, तेही बरोबरच होतं. तीस दिवसांत बांधकाम काढून टाकावं, असं पत्र त्याच आठवड्यात गेलं.

घरी मी नवऱ्यावर जितकी ओरडले तितकी लग्नाच्या सतरा वर्षांत ओरडले नव्हते. "अगं, पण इंटेन्शन तर चांगलं होतं," तो परत परत म्हणत होता. "सरप्राइज द्यायचं होतं तुला. मला वाटलं, कम्युनिटीचं प्रेशर आलं तर काउन्सिल घाबरेल." तो मंडळाचं दुसरं पत्र लिहायला निघाला, पहिलं मागे घेतो म्हणून. मी त्याच्या हातून लॅपटॉप काढून घेतला. नंतर तो जाऊन त्या घरी माफीही मागून आला. मुलीने त्याला दारातच उभं केलं. "तुम्ही लोक आलात, पूजा केलीत, नारळ फोडलात," ती म्हणाली, "आणि आता ते पडणार." हे त्याने मला घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि बाहेर जाऊन गाडीत बसून राहिला.

तिसाव्या दिवशीची तपासणी माझ्याकडे आली, कारण तिच्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. बांधकाम काढलं का, हो किंवा नाही, आणि एक फोटो. सकाळी नऊला मी साइड गेटमधून आत गेले.

देऊळ नव्हतं. खंदक बुजवून वर गवताच्या लाद्या लावल्या होत्या. बाकी सगळ्या परसात, कपड्यांच्या दांडीखाली, शेडच्या भिंतीला लागून, दगडच दगड मांडले होते, ओळींनी, माणसाला मधून चालता येईल एवढी वाट सोडून. एकही ढीग गुडघ्याच्या वर नव्हता. नियमात रचून ठेवलेलं साहित्य म्हणजे बांधकाम नाही. आणि प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगात आकडा घातलेला होता, ख्मेर आकडा, मला न वाचता येणारा. आजोबा उकिडवे बसून शेवटच्या ओळीवर ब्रश चालवत होते. अक्षर सुरेख होतं, साइनबोर्ड रंगवणाऱ्याचं असावं तसं.

"बाबांचं हे पहिलं काम," मुलगी म्हणाली. तिने माझ्यावर चिडणं कुठेतरी मध्येच थांबवलं होतं. "मला पण आत्ताच कळलं. या महिन्यात बोलले, दगड उतरवताना."

सतराव्या वर्षी ते अंकोरला दगडांवर आकडे घालायच्या कामाला होते. अंकोरवाटपासून जवळच बाफुओन म्हणून दुसरं एक प्रचंड देऊळ आहे, आतल्या मातीच्या भरावामुळे ते फुगून ढासळत होतं. म्हणून दुरुस्तीवाल्यांनी ते दगड दगड करून उतरवायला घेतलं, प्रत्येक दगडाला आकडा घालून, आजूबाजूच्या रानात मांडून. भराव पक्का करायचा आणि आकड्यांप्रमाणे देऊळ परत चढवायचं, असं ठरलं होतं. कुठला आकडा कुठे, ते सगळे कागद ऑफिसात होते. मग लढाई आली. कागद गेले, आणि ज्यांना कागद वाचता येत होते त्यांतले बरेचसे गेले. वीस-पंचवीस वर्षांनी आजोबा ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर गावी गेले तेव्हा दगड रानात तसेच पडले होते. त्यांच्यावरचे आकडे त्यांनी ओळखले. अक्षर त्यांचंच होतं. पण ते दगड कुठे बसतात, ते तिथे कुणालाच सांगता येत नव्हतं, त्यांनाही नाही. पुढे लोकांनी दगडाला दगड लावून पाहत, वर्षानुवर्षं खपून ते देऊळ उभं केलं. आजोबा ते बघायला गेले नाहीत.

मी फॉर्म काढला. बांधकाम काढलं का: हो. फोटो काढला. मग मला रडू आलं. काउन्सिलचं पिवळं जॅकेट घालून मी एका अनोळखी माणसाच्या परसात उभी राहून रडले. मी म्हणाले, हे आमच्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं, मी घरी पत्ता सांगितला म्हणून. मुलीने भाषांतर केलं. आजोबा ब्रश धुवून आत गेले आणि एक जाड पुठ्ठ्याची नळी घेऊन आले. नळीत नकाशा होता. सगळे थर, सगळे आकडे, पश्चिम वरच्या बाजूला.

"याच्या तीन कॉपी आहेत," मुलगी म्हणाली. "एक बाबांकडे, एक माझ्याकडे. तिसरी या घराबाहेर राहायला हवी, असं त्यांचं म्हणणं आहे. ती तुम्ही ठेवा."

"ऑफिसात नीट ठेवते. फाइलला लावून."

हे समजायला आजोबांना भाषांतर लागलं नाही. त्यांनी नळी मागे घेतली. "नो ऑफिस," ते म्हणाले.

मग त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मुलगी ते सांगत गेली. घर स्वतःचं आहे की भाड्याचं. छप्पर गळतं का. कपाट भिंतीला लागून आहे का, ती भिंत बाथरूमची तर नाही. पुढच्या दहा वर्षांत घर बदलायचा विचार आहे का, देश बदलायचा विचार आहे का. मी एकेक उत्तर देत होते, ते मान डोलावत होते, आणि मध्येच एकदा त्यांनी मान डोलावली नाही तेव्हा मी तेच उत्तर परत एकदा दिलं. घरात आणखी कोण असतं, हा शेवटचा प्रश्न होता. मी सांगितलं, माझी मुलगी आणि नवरा. आजोबांनी नळीचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं.

"तुमच्या स्वतःच्या कपाटात ठेवा म्हणतायत," मुलगी म्हणाली. "कुलूप असलेल्या."

मग त्यांनी वही उघडून माझी सही घेतली. रहिवाशांकडून आम्हाला साधी चॉकलेटंसुद्धा नोंद केल्याशिवाय घेता येत नाहीत. मी नोंद केली नाही. नळी साड्यांच्या मागे उभी ठेवली, आणि कपाटाला कुलूप नव्हतं म्हणून त्याच आर्वोला जाऊन बसवून घेतलं.

तीन आठवड्यांनी मोठा पाऊस झाला. सबंध दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत होतो आणि बेकरीतून फोन आला. मागे ओव्हनचा आवाज होता.

"बाबा विचारतायत, कागद कोरडा आहे का."

मी म्हणाले, आहे. तिने पलीकडे सांगितलं, पलीकडून काहीतरी आलं. "नाही," ती म्हणाली, "ते म्हणतायत, जाऊन बघा आणि मग सांगा."

मी कप ठेवला, कुलूप उघडलं, नळीचं झाकण काढून आत बोट घातलं, पुठ्ठा चारी बाजूंनी चाचपला, कपाटामागच्या भिंतीला हात लावून पाहिला. परत येऊन सांगितलं, "कोरडा आहे." मागून आजोबांचा आवाज ऐकू आला आणि फोन बंद झाला. नवऱ्याने विचारलं, सकाळी सकाळी कुणाचा फोन.

"इन्स्पेक्शन होतं," मी म्हणाले. "माझं."